सत्ता गेली म्हणून जीव उणा झाला काय?
(अवंतीच्या भिक्षूच्या आख्यानाचा विचार)

प्रकरण

शास्त्राभ्यासाचा पहिला नियम प्रकरण पाहण्याचा आहे. वचन कोणास उद्देशून निघाले, कोणत्या वेळी निघाले आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल निघाले, हे कळल्यावाचून त्याचा अर्थ हाती लागत नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, तेविसाव्या अध्यायी, श्रीकृष्णचक्रवर्तींनी उद्धवदेवांस अवंती देशातील एका ब्राह्मणाचे आख्यान निरूपिले आहे. भिक्षुगीत या नावाने ते प्रसिद्ध आहे. द्रव्य नश्वर आहे, एवढा बोध करण्यासाठीच ते पुष्कळदा सांगितले जाते. तो बोध त्यात आहेच. परंतु प्रकरण पाहू गेल्यास आख्यानाचा रोख द्रव्यावर नसून मानावर आहे, असे दिसून येते.

आख्यानापूर्वी उद्धवदेवांनी जो प्रश्न केला आहे, तो धन कसे राखावे असा नाही आणि धन गेल्यावर काय करावे असाही नाही. दुर्जनांनी केलेला अपमान सोसणे जाणत्यांनाही जड जाते. तो सोसावा कसा, असा तो प्रश्न आहे. त्यावर प्रभू प्रथम ही अडचण मान्य करतात. कठोर शब्दाचा घाव बाणाच्या घावाहून अधिक खोल जातो, हे ते आधी सांगतात आणि मग आख्यानास आरंभ करतात. म्हणजे अपमानाने होणारे दुःख शास्त्र खोटे ठरवीत नाही. ते दुःख कोठून येते, एवढेच शास्त्र शोधून पाहते.

वेळही ध्यानात घ्यावी. यादवकुळाचा शेवट जवळ आला होता. ज्या सभेत उद्धवदेवांचा सल्ला आदराने घेतला जाई, ती सभा उरणार नव्हती. द्वारका उरणार नव्हती. पुढे त्यांस एकट्याने बदरिकाश्रमी जावयाचे होते. ज्याचे स्थान उद्या जाणार आहे, अशा पुरुषास हे आख्यान आदल्या दिवशी सांगितले गेले आहे. औषध रोगाच्या आधी दिले गेले, हे या प्रकरणाचे मर्म होय.

आपल्या पंथात या एकादश स्कंधास मराठीत आणणारे कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांचा वृत्तांतही येथे आठवण्याजोगा आहे. त्यांनी आधी शिशुपालवध रचिला. ग्रंथ उत्तम उतरला आहे, परंतु संसारातून निवृत्त झालेल्यांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय ज्येष्ठ गुरुबंधूंकडून आला, असे परंपरा सांगते. कवीस आपल्या काव्याचा अभिमान असतो आणि असा अभिप्राय जिव्हारी लागतो. कवीश्वरांनी मात्र तो मानभंग मानिला नाही. त्यांनी उद्धवगीतेचे निरूपण हाती घेतले. मान गेल्यावर काय करावे हे ज्या ग्रंथात सांगितले आहे, तो ग्रंथच अशा एका प्रसंगातून मराठीस लाभला.

आख्यान

अवंतीचा हा ब्राह्मण शेती आणि व्यापार यांवर मोठा धनवान झाला होता. तो कृपण, लोभी आणि तापट होता. नातलगांस व अतिथींस त्याने गोड शब्दानेही कधी संतोषविले नाही. बायकामुले, भाऊबंद, चाकर सारे त्याच्या धाकात राहत. पुढे धन गेले. काही भाऊबंदांनी घेतले, काही चोरांनी, काही राजाने. काही काळाच्या ओघात नाहीसे झाले. धन जाताच घरच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. तेव्हा त्यास अतिशय ताप झाला, कंठ दाटून आला आणि त्या तापातून वैराग्य उपजले. अर्थापासून चोरी, हिंसा, असत्य, दंभ, वैर असे पंधरा अनर्थ उपजतात, हे त्याने स्वतःच्या आयुष्यात मोजून पाहिले आणि तो भिक्षू झाला.

येथे आख्यानाचा पूर्वार्ध संपतो. बहुतेक निरूपणेही येथेच थांबतात. परंतु उद्धवदेवांच्या प्रश्नाचे उत्तर उत्तरार्धात आहे. हा वृद्ध भिक्षू गावोगाव भिक्षेस जाऊ लागला, तेव्हा टवाळ लोक त्याच्या मागे लागले. कोणी त्याचा दंड ओढला, कोणी पात्र पळविले, कोणी कंथा हिसकावून पुन्हा पुढे केली आणि पुन्हा काढून घेतली. तो नदीकाठी जेवावयास बसला असता अन्न विटाळले. मौन धरले तर बोलावयास भाग पाडले. दोरीने बांधले. आणि सर्वांत झोंबणारा बोल असा की, याचे धन गेले, घरच्यांनी हाकलून दिले, म्हणून याने हा वेष घेतला आहे.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या प्रसंगी त्याचे धन गेले आणि घरचे उदासीन झाले. कोणी मारले नाही, कोणी बांधले नाही. तरी तो रडला. दुसऱ्या प्रसंगी मारले, बांधले, अन्न विटाळले. तेव्हा तो गाऊ लागला. माणूस तोच. अपमान दुसऱ्या वेळी कितीतरी थोर. मग दुःख पहिल्या वेळी अधिक का झाले? या एका प्रश्नात सगळा विचार साठविलेला आहे.

भीमाकाठचा दाखला

आख्यान अवंतीचे आहे. परंतु त्यातील दुःखास देश नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या इतिहासात ते ठळकपणे नोंदले गेले आहे. शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. तेथे डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर कर्जापायी न्यायालयाचा हुकूमनामा मिळविला, घर आपल्या नावे करून घेतले आणि ते पाडावयास काढले.

यातील मर्म कळण्यास मागील काळ थोडा पाहावा लागतो. देशमुख हे आडनाव ज्या वतनावरून आले, ते परगण्याचे वतन होते. वसुली, तंटे आणि मानपान यांत देशमुखाचा शब्द चाले. १८१८ मध्ये पेशवाई गेली. वसुली मामलेदाराच्या कचेरीत गेली; वतनदारांचे हक्क राहिले, पण काम गेले. सावकारालाही पूर्वी पाटील आणि पंच यांच्या मर्जीवाचून वसुली करणे कठीण होते. दिवाणी न्यायालये आली आणि कर्जरोख्याच्या कागदास गावाच्या शब्दाहून अधिक बळ आले. ज्याने पूर्वी वाड्याच्या पायरीखाली उभे राहून बोलावे, त्याच्या हाती वाडा पाडण्याचा कागद आला. करड्यात नुसत्या दगडमातीच्या भिंतीच पडत नव्हत्या. कोण कोणापुढे वाकावे याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत सगळ्या गावासमक्ष मोडत होती. कर्जात बुडालेली कुळे त्या भागात पुष्कळ होती. परंतु गाव पेटले ते या घरावरून.

गावाने काय केले? सावकारांच्या शेतात राबावयाचे नाही, त्यांचे पाणी भरावयाचे नाही, नाभिकाने त्यांची हजामत करावयाची नाही, असे ठरविले. ज्याने काल घर पाडावयास माणसे लावली, त्यास आज घागरभर पाणी आणून देणारा मिळेना. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरे व दुकाने गाठून कर्जरोखे काढले आणि जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडे आणि आजचा दौंड तालुका हा त्याच भीमथडीचा भाग होता. इतिहासकार यास दख्खनचे दंगे म्हणतात. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागद जाळण्याकडे लोकांचा कल होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. सरकारने चौकशी आयोग नेमिला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांस कर्जातून काही दिलासा देणारा कायदा झाला.

सहा महिन्यांच्या आत सत्ता दोनदा फिरली. देशमुखाची गेली ती सावकाराकडे आली. सावकाराची गेली ती जमावाकडे आली. जमावाकडूनही ती शिपायांच्या आणि कायद्याच्या हाती गेली. जो जो तिला आपली म्हणाला, त्या त्या हातातून ती निसटली.

पुढील काळातही हे चक्र थांबले नाही. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली. मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. महार वतनासह कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ चा. येथे एक भेद विसरू नये. पाटलास जे गमावणे वाटले, तेच वेठीने राबणाऱ्यास सुटणे वाटले. म्हणून सत्ता जाणे ही गोष्ट स्वतः शुभ किंवा अशुभ नाही. तिच्याशी जीवाने काय नाते जोडले होते, त्यावर तिचे सुखदुःख ठरते.

घरातील दाखला

वतने ही मोठी उदाहरणे झाली. तीच गोष्ट प्रत्येक घरात लहान रूपाने घडत असते. घरातील वडीलधारा पूर्वी उंबऱ्यात पाऊल टाकी, तेव्हा आतले बोलणे थांबे. आता तो आत येतो आणि बोलणे चालूच राहते. त्यास कोणी वावगे बोललेले नसते. जेवण वेळेवर मिळते, औषधही मिळते. तरी तो उणा होतो. सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेकडे जातो. किल्ल्या सासूनेच आपल्या हाताने दिलेल्या असतात; तरी दुसऱ्या दिवशी डाळीचा डबा मागावा लागतो तेव्हा घशात काहीतरी अडकते. सरपंचाची मुदत संपते आणि चावडीवर त्याची खुर्ची भिंतीकडे सरकते.

अशा वेळी जीवाची चार लक्षणे दिसून येतात. पहिले लक्षण स्मरणाचे: तो मागील वैभव पुन्हा पुन्हा सांगू लागतो आणि ऐकणारा कंटाळला तर त्यास कृतघ्न म्हणतो. दुसरे मोजणीचे: कोणी आधी नमस्कार केला, कोणी केला नाही, पंक्तीत पाट कोठे मांडला, पत्रिकेत नाव कितवे आले, याचा हिशेब तो ठेवतो. तिसरे अत्यंत घातक: बाहेर जे गेले ते तो घरात, आपल्याहून दुबळ्यावर वसूल करतो. कचेरीत ज्याचा शब्द चालेना, तो पत्नीवर ओरडतो. पत्नी मुलावर, मूल मुक्या जनावरावर. चौथे लक्षण खचण्याचे: मी कशाचाच नाही, माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, असे म्हणून तो कोपऱ्यात बसतो.

हे चौथे लक्षण पुष्कळदा नम्रता समजले जाते. ती चूक होय. लोहाराचा भाता फुगतो तो वाऱ्याने आणि दबतो तोही वारा गेल्याने. फुगणे आणि दबणे ही एकाच भात्याची दोन अंगे आहेत. गर्व आणि न्यूनभाव यांचे तसेच आहे. दोहोंतही माप परक्याच्या हाती असते. काल लोकांनी मोठा म्हटले म्हणून जो मोठा झाला, तोच आज लोकांनी म्हटले नाही म्हणून लहान झाला. नम्र पुरुष या भात्याबाहेर असतो.

दृष्टांत

दौंड हे भीमेकाठचे मोठे रेल्वे जंक्शन. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला, तेव्हापासून उत्तर-दक्षिणेच्या गाड्या तेथे मिळतात. समजा, तेथे एक गार्ड आहे. या पदास २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. तो शेवटच्या डब्याजवळ उभा राहतो, हिरवे निशाण दाखवितो आणि शेकडो माणसांनी भरलेली, हजारो मणांची गाडी हलते. तीस वर्षे त्याने निशाण दाखवावे आणि गाडी हलावी. पुढे तो निवृत्त झाला. एके दिवशी फलाटावर सहज उभा असता गाडी सुटावयाची वेळ झाली. जुन्या सवयीने त्याचा हात वर गेला. गाडी हलली नाही. थोड्या वेळाने दुसऱ्याने निशाण दाखविले आणि ती हलली.

दार्ष्टांतिक

हात तोच होता. मग गाडी का हलली नाही? हाताने ती कधी हललीच नव्हती. सिग्नल, नियम, पद, इंजिन आणि चालक यांच्या योगाने ती हलत होती. हात निमित्त होता. निवृत्तीच्या दिवशी हाताचे बळ गेले नाही. हातास बळ आहे हा भ्रम गेला. तो पुरुष जर म्हणेल की मी निर्बल झालो, तर ते असत्य होय. तो पूर्वी होता तेवढाच आज आहे. त्याच्याकडे जे आले होते ते गेले, इतकेच.

परमार्गाच्या परिभाषेत हेच असे मांडता येईल. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ निराळे आहेत. प्रपंच अनित्य, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त. सत्ता, पद, वतन, आज्ञा ही प्रपंचातील सामग्री. कर्मफळ म्हणून ती लाभते आणि फळाची मुदत सरली की जाते. बद्धमुक्त जीव या अनित्य सामग्रीस आपले स्वरूप मानतो, हे अन्यथाज्ञान होय. वस्तू गेल्याचे दुःख मुदतीचे असते. ते कालांतराने ओसरते. परंतु वस्तूलाच मी असे नाव दिले, तर वस्तू जाताना मी गेलो असे वाटते आणि त्या दुःखास काठ राहत नाही.

आता अवंतीच्या भिक्षूच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. पहिल्या वेळी त्याने आपले माप धनात आणि धाकात ठेविले होते. ते गेले तेव्हा मापच गेले. दुसऱ्या वेळी लोकांनी दंड नेला, पात्र नेले, कंथा नेली. परंतु या वस्तूंत त्याने स्वतःस ठेविलेले नव्हते. चोर घरात शिरला आणि ठेव घरात नव्हती. म्हणून तो गाऊ शकला. माझ्या दुःखाचे कारण हे लोक आहेत काय, देवता आहेत काय, ग्रह, कर्म, काळ आहेत काय, असे एकेक कारण तो गीतात पुढे घेतो आणि बाजूला ठेवतो. शेवटी तो आपल्याच मनापाशी येऊन थांबतो. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली तर कोणत्या दातावर रागवावे, असे तो विचारतो. ही युक्ती ऐकून श्रोते हसतात. हसू आले की राग थोडा उतरतो, हाही तिचा एक उपयोग आहे.

शंका–समाधान

येथे पहिली शंका अशी येते की, अपमानाचे मूळ आपल्या मनात आहे असे म्हटल्यास अन्याय करणाऱ्यास मोकळीक मिळते. करड्याच्या देशमुखाने आणि कर्जात बुडालेल्या कुळांनी गप्प बसावे काय? ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, त्यांनीही मनालाच दोष द्यावा काय?

समाधान असे की, दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्यात. अन्याय दूर करणे हा व्यवहार आहे. तो गृहस्थाने धर्माने आणि कायद्याने अवश्य करावा. १८७९ चा कायदा किंवा वतने नाहीशी करणारे कायदे ही अशा प्रयत्नांचीच फळे होत. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्त्रीशूद्रादी सर्वांस ज्ञानाचा व संन्यासाचा अधिकार सांगितला. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरी ज्यांच्या दारी कोणी जात नसे त्यांच्या घरी गेले. हा मार्ग दुबळ्यास दुबळेच राहा असे सांगणारा नव्हे. परंतु न्याय मिळेपर्यंत मी हीन आहे, असे मानणे हा दुसरा भाग, तो सोडावा. कायदा जमीन परत देऊ शकतो. जीवाचे माप कायद्याने दिले जात नाही आणि सावकाराने नेलेही जात नाही. उलट, ज्याने स्वतःस हीन मानले नाही, तोच न्यायासाठी स्थिरपणे उभा राहू शकतो. ज्याने मानले, तो सत्ता हाती येताच दुसऱ्याचे घर पाडावयास निघतो.

दुसरी शंका: धन गेल्यावर आलेले वैराग्य खरे कसे मानावे? कोल्ह्यास द्राक्षे आंबट, असेच हे नव्हे काय?

समाधान: टवाळांनी भिक्षूस हाच टोमणा मारला आणि भिक्षूने तो नाकारला नाही. निमित्त कोणतेही असो, पुढे काय झाले ते पाहावे. सर्वज्ञांच्या लीळेतही निमित्त असेच आहे. भरवस येथे प्रधानपुत्र हरिपाळदेव या नावाने राहत असता स्वामी द्यूतात हरले, पत्नीकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत, आणि त्या निमित्ताने स्वामींनी औदासीन्य स्वीकारले. ईश्वराच्या ठायी मानभंग संभवत नाही. जीवास शिकविण्यासाठी हे निमित्त स्वीकारले गेले. ज्याच्या शब्दावर प्रधानाचा वाडा चालावा, त्याचा शब्द घरच्या माणसाने मोडला, यासारखा प्रसंग प्रत्येक गृहस्थाच्या वाट्यास येतो. त्यातून कोणी क्लेश करतो, कोणी सूड घेतो. तेथून मोक्षमार्गाकडेही वाट जाते, हे लीळेने दाखविले.

तिसरी शंका साधुजनांची आहे: हा बोध गृहस्थांसाठी आहे; ज्याने सर्व सोडले त्यास सत्ता कसली?

समाधान: सोडले त्याचीही सत्ता होते. अधिक शिष्य कोणाचे, सूत्रपाठ कोणास अधिक मुखोद्गत, सभेत आसन कोणाचे वर, कोणाच्या निरूपणास अधिक श्रोते, ही मठातली वतनेच होत. वृद्धपणी पाठ विसरू लागतो, शिष्य तरुण विद्वानाभोवती बसू लागतात. तेव्हा गृहस्थाने किल्ल्यांचा जुडगा देताना जे सोसले, तेच साधूस सोसावे लागते. ज्याने एकदा घर सोडले, त्यास आणखी एक घर सोडावयाचे राहिले होते, हे त्या दिवशी कळते.

यासाठीच पूर्वजांची चरित्रे डोळ्यांपुढे असावीत. म्हाइंभट विद्येचे मोठे अभिमानी. डोमेग्रामी स्वामींशी वाद करावयास आले आणि त्यांचा अभिमान तेथे गळाला. पुढे त्याच म्हाइंभटांनी लीळा मिळविण्यासाठी गावोगाव हिंडून ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्या साध्यासुध्या माणसांस विचारले. ज्यास लोक प्रश्न विचारीत, तो आता प्रश्न विचारणारा झाला. म्हणून लीळाचरित्र झाले. केसोबास संस्कृताचे पंडित. भटोबासांनी त्यांस सांगितले की संस्कृतात लिहिल्यास स्वामींच्या म्हाताऱ्या साधका वंचित होतील. पंडिताच्या हातची सर्वांत मोठी सत्ता त्याची भाषा. ती केसोबासांनी म्हाताऱ्यांसाठी खाली ठेविली. आणि श्रीचक्रपाणिप्रभूंनी द्वारावतीत हाती खराटा आणि सूप घेऊन रस्ते झाडले. झाडण्याने प्रभुत्व उणे झाले नाही. खराट्यासच महत्त्व आले.

फलित

या विचारातून आचरणात आणावयाच्या चार गोष्टी निघतात. सत्ता हाती असतानाच, ती जाणार हे रोज एकदा स्मरावे. उद्धवदेवांस औषध आधी दिले गेले ते यासाठी. सत्ता गेल्यावर एखादी अशी सेवा धरावी, जिच्यात पाट वर-खाली मांडला जात नाही: झाडणे, पाणी भरणे, आजाऱ्याजवळ बसणे. मागील वैभवाची गोष्ट ओठावर आली की तिच्या जागी नामस्मरण करावे. आणि ज्याच्या हाती नवी सत्ता आली आहे, त्याने पडलेल्याचे घर पाडू नये. सुनेने डाळीचा डबा सासूने मागण्याआधी पुढे ठेवावा. मुलाने वडील आत येताच बोलणे क्षणभर थांबवावे. तरुण निरूपणकाराने वृद्धास एक शंका विचारावी. अशाने वृद्धास माप मिळते असे नव्हे. तरुणाचे माप बिघडत नाही.

शेवटी एक गोष्ट पंथाचीच आहे. महानुभाव हा शब्द महान अनुभव असलेल्यांसाठी होता. लोकांच्या तोंडी त्याचा मानभाव झाला आणि मराठीत मानभावी म्हणजे ढोंगी, असा अर्थ रूढ झाला. शब्दकोशातही हा अपमान जाऊन बसला. काळ्या वस्त्रांची टवाळी झाली. ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांत राहिले. त्या शतकांत साधूंनी पोथ्या नकलल्या, पाठ चालविला, भिक्षा मागितली आणि स्मरण केले. जगाने दिलेले नाव त्यांनी आपले स्वरूप मानिले असते, तर आज एकही पोथी हाती येती ना. विसाव्या शतकात विद्वानांनी त्या लिप्या वाचल्या, मराठीच्या आद्य गद्याचा मान या ग्रंथांस मिळाला आणि पंथाकडे लोक आदराने पाहू लागले.

हा आदर सुखाचा आहे. परंतु तोही बाहेरून आलेला आहे. जो बाहेरून आला, तो बाहेर जाऊ शकतो. अपमानाच्या काळात ज्यांनी आपले माप लोकांच्या हाती दिले नाही, त्यांच्या वारसांनी ते सन्मानाच्या काळात देऊ नये. अवंतीच्या भिक्षूस टवाळांनी बांधले तेव्हा तो गात होता. कोणी हार घातला असता, तरीही त्याने तेच गीत म्हटले असते. हे ज्यास साधले, त्याची सत्ता गेली तरी जीव उणा होत नाही, आणि आली तरी अधिक होत नाही.

दंडवत प्रणाम.